ब्लॉक घेतला का?

गाठीच्या पेशंटला मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात नेताना आधार, केस पेपर, चालू गोळ्या, पैसे. हे सगळे नेतातच, पुढे.

ब्लॉक घेतला का? गाठीचा काढलेला तुकडा (बायोप्सी) तपासताना लॅब तो मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवते आणि नंतर जपून ठेवते. तो ब्लॉक. रिपोर्टचा कागद म्हणजे ब्लॉक नव्हे! काकांना घेऊन मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूरहून रात्रभर प्रवास करून मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात पोचलो, रिपोर्ट कोऱ्या फायलीत लावलेला, आणि पहिलाच प्रश्न आला, "स्लाइड आणि ब्लॉक?" काका धर्मशाळेत, मी त्याच रात्री उलटा सोलापूरला.

काकांच्या रिपोर्टात नुसतं 'स्पिंडल सेल ट्यूमर' होतं. म्हणजे पेशी लांबट दिसल्या, एवढंच. अन्ननलिकेत अशी दिसणारी गाठ लायोमायोमा (स्नायूची साधी गाठ) असू शकते, जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतली, कॅन्सरसारखी वागू शकणारी गाठ) असू शकते, क्वचित श्वानोमाही (नसेच्या आवरणाची गाठ). ब्लॉकचे पातळ काप काढून त्यांवर पेशीतली ठरावीक प्रथिनं दाखवणारे खास रंग चढवतात. सीडी११७ आणि डॉग१ ही प्रथिनं उमटली तर जिस्ट, डेस्मिन उमटलं तर लायोमायोमा, एस१०० तर श्वानोमा. लायोमायोमा लहान आणि बिनत्रासाची असेल तर नुसती नजर ठेवतात, नाहीतर सोलून काढतात. जिस्टचं गणित वेगळं, तिथे ऑपरेशन आणि इमॅटिनिबच्या गोळ्यांचा विचार होतो. कागदावर रंग चढत नाही. म्हणून ब्लॉक.

लॅबला आदल्या दिवशी फोन करा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी तिथेच उभं राहून जुळवा. पिशवी गाडीत उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.

सीटी स्कॅनची सीडी घ्या, नुसत्या फिल्मा नकोत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मनाने बंद करू नका. गावातच कोणी "आणखी एक तुकडा काढू" म्हटलं तर थांबा. गाठ अस्तराखाली असेल तर तुकडे काढल्याने अस्तर तिला चिकटतं आणि पुढे सोलताना फाटतं. ती कुठल्या थरात आहे हे दुर्बिणीतूनच केलेल्या सोनोग्राफीत कळतं, आधी ती झाली का विचारा.

घास अडकत असेल तर पातळ खिमट, ताक. वजन लिहून ठेवा. पेट स्कॅनच्या आधी शुगर तपासा. चादर, चार्जर, बाकी सगळं दादरला मिळतं. ब्लॉक मिळत नाही.

आणि ब्लॉक किती आहेत तेही विचारा. काकांचे दोन होते.