कौलारू वर्ग, पत्र्याचा वर्ग : तापमान नोंदवण्याआधीची तयारी

खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत जुन्या वर्गावर मंगळुरी कौलं आहेत, भिंतीला भिंत लागून असलेल्या नव्या खोलीवर पत्रा. मार्चमधल्या दुपारी पत्र्याखालची पोरं वहीनं वारा घेत बसतात. सुट्टी लागण्याआधी हा फरक मोजून एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत ठेवायचा आहे. तिथं कुणीही विचारेल, "आकडा खरा कशावरून?" म्हणून सगळी तयारी त्या प्रश्नासाठी.

सामान थोडकंच. 25 अंशांना 10 किलोओहम रोध भरणारे एनटीसी थर्मिस्टर (तापले की यांचा विद्युत रोध कमी होतो), तितक्याच रोधाचे एक टक्कावाले रेझिस्टर, आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड), एसडी कार्डचं मॉड्यूल आणि डीएस 3231 घड्याळ. उनोला ॲनालॉग पिना सहा, त्यातल्या दोन घड्याळ घेतं. उरतात चार, आणि आपल्याला लागतातही चारच : दोन्ही खोल्यांतली हवा, दोन्ही छपरांची आतली बाजू. थर्मिस्टर मात्र सहा घ्यावेत. त्यांचे पाय नाजूक असतात, सोल्डरिंग करताना एखादा हमखास तुटतो. वायर आठ-दहा मीटर झाली तरी काळजी नको. 25 अंशांच्या आसपास थर्मिस्टरमध्ये एका अंशाला चारशेवर ओहमचा फरक पडतो, वायरीचे दोन-चार ओहम त्यात कुठं दिसणार?

आता खरं काम. दोन खोल्यांत फरक दोन अंशांचा निघाला आणि आपल्या थर्मिस्टरांतच एका अंशाची तफावत असली, तर सगळी मेहनत वाया. म्हणून छपराला हात लावण्याआधी सगळे एकत्र तपासायचे. बर्फ कुटून भुगा करा, स्टीलच्या तांब्यात गच्च भरा आणि फटी भरतील एवढंच थंड पाणी ओता. बर्फ वर तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं, काढून टाका. नाहीतर तळाचं पाणी शून्यावर राहत नाही. थर्मिस्टरांची जुडी रबरानं बांधून टोकं मधोमध सोडा, भांड्याच्या धातूला टेकू देऊ नका. पंधरा मिनिटांनी प्रत्येकाचा रोध लिहा. तीस हजार ओहमच्या वर भरेल. मग तेच 25 आणि 45 अंशांच्या आसपास, थर्मासमधल्या पाण्यात, चांगल्या थर्मामीटरच्या जोडीनं. तापमान आणि रोधाच्या या तीन जोड्यांवरून स्टाइनहार्ट-हार्ट समीकरणाचे, म्हणजे रोधावरून तापमान काढायच्या सूत्राचे, तिन्ही स्थिरांक निघतात. उकळतं पाणी म्हणजे 100 अंश असं धरून चालू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथं पाणी साधारण साडेसत्त्याण्णवलाच उकळतं.

वीज सतत सोडली तर थर्मिस्टर स्वतःच थोडा तापतो. तेव्हा वाचन घेताना तेवढीच वीज द्यावी, सोळा वाचनांची सरासरी घ्यावी. दहा मिनिटांनी एक नोंद पुरते, दिवसाच्या 144 होतात.

घड्याळाचा सेल नवा घाला. गेल्या वर्षी मी जुनाच ठेवला होता. रात्री लाइट गेली आणि पुढच्या सगळ्या नोंदी 1 जानेवारी 2000 पासून सुरू झाल्या. चार दिवसांचं काम गेलं, मुलांचे चेहरे अजून आठवतात. लाइटसाठी पॉवर बँक लावणार असाल तर एक अख्खी रात्र घरी चालवून बघा. कमी करंट ओढला की बऱ्याचशा पॉवर बँका आपोआप बंद पडतात.

हवेचा थर्मिस्टर बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, खोलीच्या मधोमध टांगावा. भिंतीला टेकलेला नको, कवडशात तर नकोच. छपराचा मात्र अ‍ॅल्युमिनियम टेपनं घट्ट चिकटवावा. दोन्ही खोल्यांत टांगायचा तो एकाच उंचीवर, दोरी मोजूनच.

शेवटी दोन्ही दारांवर एकेक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. खिडक्या कधी उघडल्या, पंखा कधी चालू होता, वर्गात किती मुलं होती, वळीव पडला का, हे मुलांनीच वेळेसकट लिहायचं. पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर कार्ड काढून फाइल उघडा आणि चारही रकाने भरलेत का ते बघूनच कुलूप लावा.