मागची चाकं ओढेनात तेव्हा

मंगळवेढ्याला शेतात, काळ्या मातीच्या चिखलात माझी वीस वर्षांची ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी रुतली. पुढची चाकं गरगर फिरत होती, मागची ढिम्म. ट्रॅक्टरनं ओढून काढली. सोलापुरात एका गॅरेजवाल्यानं नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाला, "डिफरन्शियलच बदला." म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबाच. एवढ्यावर पैसे मोजू नका, आधी हे बघा.

चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत. फरक असेल तर कपलिंग, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणारा भाग, उगाच घासत राहतं.

मग इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून प्रॉपेलर शाफ्टवर (गाडीखालून मागे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर) खडूनं रेघ मारा. दगड काढा, गाडी फक्त हातभर पुढे घ्या, परत बंद करून बघा. रेघ जागेवरच असेल तर दोष पुढे, ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद त्या शाफ्टकडे वळवणाऱ्या डब्यात. फिरली असेल तर दोष मागच्या कपलिंगमध्ये धरा. दोनच चाकं जॅकवर घेऊन गाडी गिअरमध्ये टाकू नका, ती जॅकवरून उडी मारते.

कपलिंग विजेवर चालणारं असेल तर आधी फ्यूज, मग कनेक्टर. माझ्या कनेक्टरचं रबर फाटलं होतं, आत पाणी जाऊन एक पिन हिरवी पडली होती. साफ केली, रबर बदललं, चाकं ओढू लागली.

तरीही नाही ओढली तर डिफरन्शियलचं तेल काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडा लगदा चालतो. नखाला टोचणारे कण निघाले, तर मात्र डिफरन्शियल खोलावंच लागेल.