ग्राहकांचे खासगी फोटो क्लाउडवर ठेवताय? आधी या चुका टाळा

"फोटो ठेवायला सगळ्यात स्वस्त क्लाउड कुठला?" असा मेसेज मला सतत कुणाचा ना कुणाचा येतो. ॲप अर्धंच लिहून झालेलं असतं. फोटो कोण बघणार, किती दिवस ठेवायचे, ग्राहकाने 'काढून टाका' म्हटलं तर काय करणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते नंतर बघू." खाली लिहिलेल्या बहुतेक भानगडी या 'नंतर बघू'मधूनच निघालेल्या आहेत.

दुकानाच्या कॅटलॉगमधल्या साडीचे फोटो कुठेही ठेवा, ते जगाने बघावेत म्हणूनच असतात. इथे विषय आहे तो ग्राहकाने विश्वासाने पाठवलेल्या फोटोंचा. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला काढलेला चट्टा, विम्याच्या क्लेमसाठी ठोकलेल्या गाडीचे फोटो, केवायसीचं आधार कार्ड, अल्बम छापायला दिलेलं घरचं बारसं.

चूक पहिली: फोटो दिसेना म्हणून बकेट पब्लिक करणे

बकेट म्हणजे क्लाउडवर फाइली ठेवायचा डबा; ती पब्लिक केली की आतलं सगळं जगाला उघडं. याचा मला मनापासून राग आहे. नवा पोरगा अपलोडचा कोड लिहितो, फोटो चढतो. मग पानावर दाखवायला जातो तर तिथे तुटलेलं चित्र आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ४०३, 'परवानगी नाही'. खरं तर ४०३ म्हणजे यंत्रणा बरोबर चालली आहे, अनोळखी माणसाला तिने दारातून परत पाठवलं. पण याला संध्याकाळपर्यंत तिकीट, म्हणजे नेमून दिलेलं काम, बंद करायचं असतं. कुठल्या तरी व्हिडिओत 'ब्लॉक पब्लिक ॲक्सेस'ची टिक काढा आणि ही पॉलिसी (कुणाला काय परवानगी, ते लिहिलेला नियम) चिकटवा, असं सांगितलेलं असतं. चिकटवली, फोटो दिसला, तिकीट बंद. एप्रिल २०२३ पासून ॲमेझॉनच्या फाइली साठवायच्या सेवेत, म्हणजे एस थ्रीत, नवी बकेट मुळातच बंद असते. ती उघडायची तर इशारे वाचून, मुद्दाम 'हो, मला माहीत आहे' असं म्हणावं लागतं. लोक तेही म्हणतात.

अल्बम छापणाऱ्या एका व्यवसायात हेच झालं होतं. ग्राहक साइटवर फोटो चढवणार, डिझायनर मांडणी करणार, छापील अल्बम घरपोच. बकेट पब्लिक, आणि फाइलींची नावं कशी, तर ऑर्डर नंबरचा फोल्डर आणि आत ०१, ०२, ०३. एका बाईंनी स्वतःच्या फोटोची लिंक फोनवर बघून लॅपटॉपवर हाताने टाइप केली. ऑर्डर नंबरातला एक आकडा चुकला आणि समोर आला दुसऱ्याच कुणाच्या बाळाचा आंघोळीचा फोटो. त्यांनी मालकांना फोन करून एकच प्रश्न विचारला: "म्हणजे माझे फोटोही कुणालाही दिसत असणार ना?"

मालकांनी मला बोलावलं तोवर त्यांच्या डेव्हलपरने 'दुरुस्ती' सुरूही केली होती. नंबरांच्या जागी लांबलचक, अंदाज न येणारी नावं. मी ते थांबवायला लावलं. चिकटवलेल्या पॉलिसीत फाइल वाचायच्या परवानगीबरोबर यादी बघायची परवानगीही होती. बकेटचा नुसता पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सगळ्या फाइलींची नावं हजार-हजारच्या गठ्ठ्याने समोर येत होती. नाव कितीही लांब ठेवा, यादीच वाटत बसलात तर त्याचा उपयोग काय? आणि यादी बंद असती तरी लांब नाव लपतं ते लिंक बाहेर पडेपर्यंतच. लिंक व्हॉट्सॲपवर जाते, ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, कुठल्या तरी ॲनालिटिक्सच्या लॉगमध्ये जाऊन बसते.

आधी अख्ख्या अकाउंटवर पब्लिक ॲक्सेस बंद केला. साइटवरचे सगळे फोटो मोडले, मालक चिडले, चिडू दिलं. मग त्यांनी विचारलं, "आजपर्यंत कुणीकुणी बघितलंय ते काढता येईल?" नाही येत. एस थ्रीचे ॲक्सेस लॉग आपण चालू केले तरच लिहिले जातात आणि ते कुणी चालू केले नव्हते. ग्राहकांना फोन करताना मालकांकडे सांगायला काहीच नव्हतं, 'कुणी बघितलं नाही' एवढंसुद्धा नाही.

हे फक्त छोट्या धंद्यात होतं असं समजू नका. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'टी' नावाच्या ॲपच्या जुन्या स्टोरेजमधून सुमारे ७२,००० चित्रं बाहेर पडली. त्यातली १३,००० च्या आसपास सेल्फी आणि ओळखपत्रांचे फोटो होते, बायकांनी स्वतःची ओळख पटवायला दिलेले.

माझी पद्धत साधी आहे. बकेट कायम बंद. फोटो मागितला की सर्व्हर आधी लॉगिन बघतो, मग हा फोटो याच माणसाचा आहे का ते डेटाबेसमध्ये बघतो, आणि मगच सही केलेली लिंक देतो, म्हणजे सर्व्हरच्या गुप्त किल्लीने शिक्का मारलेली, पाच-दहा मिनिटांत संपणारी. मधली पायरी बरेच जण गाळतात. लॉगिन केलेला कुठलाही ग्राहक कुठल्याही फोटोची लिंक मागू शकत असेल, तर कुलूप लावून किल्ली कोनाड्यात ठेवल्यासारखं आहे. एस थ्रीची लिंक जास्तीत जास्त सात दिवस चालते, म्हणून सात दिवस देणारे महाभागही आहेत. त्यांची पुढची तक्रार अशी की सात दिवस दिले तरी लिंक तासाभरात मरते. कारण सही तात्पुरत्या रोलच्या (सर्व्हरला थोड्या वेळापुरत्या दिलेल्या ओळखीच्या) किल्लीने केलेली असते. किल्ली संपली की लिंकही संपते. मग हे लोक कायमची किल्ली बनवून कोडमध्ये लिहून ठेवतात. तसं करू नका, लिंक पुन्हा बनवा.

फायरबेस (गूगलची ॲप बनवायची सेवा) वापरणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. तुम्ही रूल्स कितीही कडक लिहा, डाउनलोड यूआरएल मागून घेतली की त्यात टोकन, म्हणजे एक गुप्त परवाना, असतं आणि ती लिंक ज्याच्या हातात पडेल त्याला रूल्स न विचारता फोटो मिळतो. टोकन रद्द करेपर्यंत ती चालू राहते. हीच लिंक डेटाबेसमध्ये साठवून ठेवणारे प्रोजेक्ट मी ढिगाने बघितलेत.

चूक दुसरी: फक्त जीबीचा भाव बघणे

साठवण स्वस्तच असते. पैसे जातात फोटो बाहेर काढण्यात. मुंबई रीजनमध्ये एस थ्रीचा साधा दर जीबीला महिन्याला ०.०२५ डॉलर, म्हणजे ५०० जीबीचे साडेबारा डॉलर. वाचून माणूस खूश. पण इंटरनेटवर बाहेर जाणारा डेटा, महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले, तर जीबीला सुमारे ०.१०९ डॉलर पडतो.

आता हिशोब करा. फोनमधला मूळ फोटो ८ एमबीचा. एका पानावर ४० फोटो, आणि पोराने मूळ फाइलच लहान करून दाखवलीय, म्हणजे सीएसएसमध्ये (पानाची मांडणी लिहायच्या भाषेत) रुंदी १५० पिक्सेल लिहिलीय. पान एकदा उघडलं की ३२० एमबी. दिवसात ३०० वेळा उघडलं तर ९६ जीबी, महिन्याला जवळपास २.९ टीबी. बिल ३०० डॉलरच्या पुढे. अपलोड होताच ४० केबीचा थंबनेल (छोटी प्रत) बनवला असता तर तेच पान १.६ एमबीत उघडलं असतं आणि महिन्याचा सगळा डेटा त्या फुकटच्या १०० जीबीत बसला असता. हे कळल्यावर लोक कंपनी बदलायला धावतात. आधी थंबनेल बनवा हो!

त्यानंतर खुशाल तुलना करा. क्लाउडफ्लेअर आर टू बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे घेत नाही, साठवण जीबीला ०.०१५ डॉलर. बॅकब्लेझ साठवलेल्याच्या तिप्पट डेटा फुकट बाहेर जाऊ देतं. वसाबीवर फाइल आठवड्यात पुसली तरी साध्या योजनेत ९० दिवसांचे पैसे लागतात, त्यामुळे छापून झालं की फोटो उडवायचे असतील तर तिथे जाऊ नका. एस थ्रीच्या 'इनफ्रीक्वंट ॲक्सेस'चा (क्वचित लागणाऱ्या फाइलींसाठीच्या प्रकाराचा) स्वस्त दर बघून भुलणाऱ्यांनीही अटी वाचाव्यात: किमान ३० दिवस, आणि १२८ केबीपेक्षा छोटी फाइलही १२८ केबीची धरली जाते. म्हणजे तुमचे ४० केबीचे थंबनेल तिप्पट मापाने मोजले जाणार.

जागा कुठली, हे भावाच्या आधी ठरवा. आर टूला 'आशिया-पॅसिफिक' एवढा इशारा देता येतो, 'मुंबईच' असं बांधून घेता येत नाही. अल्बमवाल्याला चालेल. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा सरकारने मनाई केलेले देश सोडून बाकी ठिकाणी डेटा नेऊ देतो. पण डिजिटल कर्जाच्या ॲपसाठी केवायसीचे फोटो घेत असाल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डेटा भारतातल्या सर्व्हरवरच हवा. तिथे स्वस्त-महाग हा प्रश्नच येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एक्झिफ (फोटोच्या फाइलीत लपलेली माहिती) काढून टाका. लोकेशन चालू असलेल्या फोनने घरात काढलेल्या फोटोत घराचे अक्षांश-रेखांश असतात. डॉक्टरला चट्टा दाखवायचा होता, पत्ता नाही. मात्र फोटो फिरवायची खूणही त्याच एक्झिफमध्ये असते. आधी फोटो सरळ करा, मग पुसा, नाहीतर सगळे आडवे दिसतील.

आयफोनचे एचईआयसी फोटो क्रोममध्ये उघडत नाहीत. 'फाइल खराब आहे' असं ग्राहकाला सांगू नका, सर्व्हरवर जेपीजी करा.

फाइलच्या नावामागच्या एक्स्टेन्शनवर (.jpg वगैरे) विश्वास ठेवू नका, आणि एसव्हीजी (कोडमध्ये लिहिलेलं चित्र) घेऊच नका. त्यात स्क्रिप्ट बसते.

ब्राउझरमधून थेट अपलोड करायला देत असाल तर पोस्ट पॉलिसीत (सर्व्हरने सही केलेल्या अपलोडच्या अटींत) आकाराची मर्यादा लिहा. जावास्क्रिप्टमधली मर्यादा ही नुसती विनंती असते.

आधार घेताय? शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा. जे तुमच्याकडे नाही ते फुटत नाही.

अपलोड अडलं तर

कॉर्स म्हणजे कुठल्या साइटने बकेटशी बोलायचं याचा नियम. ब्राउझर 'कॉर्स एरर' ओरडतो म्हणून लगेच कॉर्समध्ये फुली (*) टाकून सगळ्या जगाला परवानगी देऊ नका. बऱ्याचदा खरी चूक ४०३ ची असते, पण त्या उत्तरावर कॉर्सचे हेडर नसल्याने ब्राउझर ती दाखवत नाही. तीच विनंती कर्लने (ब्राउझरशिवाय विनंती पाठवायच्या साधनाने) करा, खरं कारण एक्सएमएलमध्ये लिहिलेलं सापडेल. 'सही जुळत नाही' असं आलं तर कंटेंट टाइप बघा. सही करताना इमेज-जेपीईजी आणि पाठवताना दुसरंच काही, हा नेहमीचा प्रकार. आणि सही कालपर्यंत चालत होती, आज अचानक बंद पडली, तर सर्व्हरचं घड्याळ बघा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक एस थ्री खपवून घेत नाही.

पुसणं

ग्राहकाने 'माझे फोटो काढून टाका' म्हटलं की डेव्हलपर डेटाबेसची ओळ पुसतो आणि मोकळा होतो. फाइल बकेटमध्ये तशीच. फाइल पुसली तरी व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपायची सोय) चालू असेल तर एस थ्री तिच्यावर फक्त 'पुसलं' अशी चिठ्ठी लावतं, खाली जुनी प्रत शाबूत असते. थंबनेल वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, ते विसरले जातात. सीडीएनवर (फोटो पटकन मिळावेत म्हणून जागोजागी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर) प्रत राहते. संमती मागे घेतली की डेटा पुसणं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात बंधनकारक ठरवलंय, आणि सुरक्षेची काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे जुन्या व्हर्जन ठरावीक दिवसांनी उडवणारा लाइफसायकल नियम बकेट बनवतानाच लिहा. अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्याने होणारे) अपलोड साफ करणारा नियमही त्याच बैठकीत टाका, ते तुकडे यादीत दिसत नाहीत पण बिलात असतात. मग स्वतःचाच एक फोटो चढवा, ॲपमधून पुसा, एस थ्रीच्या कन्सोलमध्ये 'शो व्हर्जन्स' चालू करा आणि तो खरंच गेलाय का ते बघा.