निर्यातीच्या धान्यासाठी हवाबंद पॅकिंग कसं निवडावं आणि कसं बंद करावं

वाशीच्या दाणाबंदरात किंवा तुर्भ्याच्या गोदामांत हवाबंद पॅकिंगबद्दल विचारलंत, तर पहिला सल्ला ठरलेला असतो: "जाड लायनर घ्या, काही होत नाही." लायनर म्हणजे गोणीच्या आत घालायची प्लास्टिकची पिशवी. हा सल्ला ऐकून लोक मायक्रॉनवर, म्हणजे प्लास्टिकच्या जाडीवर, भाव करतात, शंभर-दीडशे मायक्रॉनचं साधं पॉलिथिन उचलतात आणि समोरच्या बंदरावर गोणी उघडल्यावर सोंडे निघाले की नशिबाला दोष देतात. साधं पॉलिथिन पाणी अडवतं, हवा अडवत नाही. ते दुप्पट जाड केलं तरी ऑक्सिजन झिरपतच राहतो.

हवाबंद साठवणीचं तत्त्व सोपं आहे. बंद पिशवीत किडे श्वास घेतात, थोडाफार श्वास धान्यही घेतं. ऑक्सिजन कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. ऑक्सिजन तीन टक्क्यांच्या आसपास आला की किडे मरतात. बाहेरून आत येणारी हवा ते वापरतात त्यापेक्षा जास्त असली, तर हे घडतच नाही. म्हणून विक्रेत्याला मायक्रॉन विचारण्याआधी एकच आकडा विचारा: एका चौरस मीटरमधून दिवसाला किती घनसेंटिमीटर ऑक्सिजन आत जातो? साध्या पॉलिथिनला हा आकडा शेकड्यांत किंवा हजारांत असतो. ज्या लायनरमध्ये ईव्हीओएच या प्लास्टिकसारखा हवा अडवणारा थर दोन्ही बाजूंच्या पॉलिथिनमध्ये दाबलेला असतो, तिथे तो एक आकडी मिळतो. चाचणीचा कागद मागा. तो नसेल तर लायनर कितीही जाड असो, घेऊ नका.

अन्नासाठी चालणारं प्लास्टिक आहे का, हेही त्याच कागदपत्रांत बघा. आयएस ९८४५ ची, म्हणजे प्लास्टिकमधून अन्नात किती अंश उतरतो ते मोजणाऱ्या भारतीय मानकाची, चाचणी झालेली असावी.

आधी हवाबंद लागतंय का ते ठरवा

न्हावा शेवाहून दुबईला जाणारा, नीट वाळवलेला तांदूळ चार-सहा दिवसांत पोचतो. त्याला साधी गोणी आणि कंटेनरमध्ये टांगलेल्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या पुरतात, उगाच खर्च करू नका. पश्चिम आफ्रिका आणि युरोपची गोष्ट वेगळी. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राचा मार्ग धोक्याचा झाला आणि बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. युरोपचा प्रवास त्यामुळे दहा-पंधरा दिवसांनी लांबला. एवढ्या लांबच्या प्रवासात थोडी कीडही पिढी वाढवते. सेंद्रिय माल असेल तर प्रश्नच नाही. तिथे किडे मारणाऱ्या फॉस्फीन या विषारी गॅसची धुरी चालत नाही, त्यामुळे हवाबंद पॅकिंग घ्यावंच लागतं.

आकार खरेदीदार ठरवतो, तुम्ही नाही. त्याच्याकडे फोर्कलिफ्ट नसेल तर एक टनाची जम्बो बॅग पाठवून काय करणार? त्याला आधी विचारा. फोर्कलिफ्ट असेल तर वीस फुटी कंटेनरमध्ये एक टनाच्या साधारण वीस बॅगा दोन थरांत बसतात. नसेल तर पंचवीस किंवा पन्नास किलोच्या गोण्या. पूर्ण कंटेनरला एकच मोठं लायनर लावून सुटा माल भरण्याच्या फंदात पहिल्या खेपेला पडू नका. उतरवायला कंटेनर तिरका करणारी यंत्रणा लागते, आणि बाजारात मिळणारी बहुतेक कंटेनर-लायनरं हवाबंद नसतात, ती फक्त धूळ आणि पाणी अडवतात.

ओलावा

तांदूळ भरताना १३ टक्के किंवा त्याखाली. मीटर आपला, मोजणारा आपला, प्रत्येक लॉटमधून. "हवाबंदमध्ये जरा ओला चालतो" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. हवाबंद पिशवी धान्य वाळवत नाही. आत जो ओलावा गेला तो आतच राहतो. उरणच्या यार्डात कंटेनर उन्हात तापला आणि पुढे थंडीच्या बंदरात निवला की तोच ओलावा पिशवीच्या आतल्या अंगाला दव होऊन धरतो आणि वरच्या थराला बुरशी येते. जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबईत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. वाळवलेला तांदूळ गोदामात उघडा राहिला तर ओलावा परत ओढून घेतो. मोजणं आणि भरणं एकाच दिवशी करा.

धुरी आधी, पिशवी नंतर

काही देश हवाबंद पॅकिंग असूनही धुरीचं प्रमाणपत्र मागतात. अशा वेळी माल आधी ताडपत्रीखाली धुरीला लावा, परवानाधारक माणसाकडून, पूर्ण मुदत. मग तो मोकळ्या हवेत सोडा आणि त्यानंतरच भरा. हवाबंद पिशव्या कंटेनरमध्ये रचून मग धुरीच्या गोळ्या ठेवल्या तर गॅस आत पोचत नाही. जो थर ऑक्सिजन अडवतो तो फॉस्फीनही अडवतो. त्या धुरीतून नुसता कागद मिळतो, किडे जिवंतच राहतात.

धुरीची, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडची, गोळी पिशवीत टाकून तोंड बांधा, असं कोणी सुचवलं तर त्या माणसाला गोदामात येऊ देऊ नका. पिशवी उघडणाऱ्याच्या तोंडावर विषारी गॅस येतो. त्यात जीव जातो. आपल्याकडे या गोळ्यांची विक्री त्यासाठीच निर्बंधित आहे.

तोंड बांधणं: सगळं इथे अडतं

मला सगळ्यात जास्त याच टप्प्यानं छळलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. लायनर उत्तम आणि धान्य कोरडं असूनही तोंड नीट बांधलं नाही, तर तुम्ही महाग साधी गोणी पाठवताय.

पहिली गोष्ट लायनरच्या मापाची. आतलं लायनर बाहेरच्या विणलेल्या गोणीपेक्षा रुंद आणि लांब असलंच पाहिजे. वजन गोणीनं पेलायचं असतं. लायनर लहान असेल तर सगळा ताण त्याच्यावर येतो, तळाचा जोड ताणला जातो आणि पहिल्या आपटीत उघडतो. ऑर्डर देताना दोन्ही मापं एकाच कागदावर लिहा. गोणी एकाकडून आणि लायनर दुसऱ्याकडून घेत असाल तर भरण्याआधी एक नमुना जोडून बघा. भरल्यावर वर हातभर लायनर रिकामं उरलं पाहिजे. तेवढं उरलं नाही तर पिळाला जागाच राहत नाही, आणि मग लोक कसंतरी गुंडाळून दाभण घालतात.

दाभण हा या कामाचा शत्रू आहे. गोणीचं तोंड सुतळीनं शिवण्याची सवय हाताला इतकी असते, की माणूस लायनरसकट शिवून मोकळा होतो. प्रत्येक टाक्याला दोन भोकं. शिलाई मशीनवर तर आणखी वाईट. त्यामुळे काम दोन भागांत तोडा आणि दोन वेगळ्या माणसांना द्या. एक जण फक्त लायनर बांधेल आणि आत खाली दाबून ठेवेल. दुसरा त्यानंतर बाहेरची गोणी शिवेल, आणि शिवताना लायनर टाक्याच्या रेषेखाली गेलंय हे हातानं चाचपून बघेल. एकाच माणसाला दोन्ही कामं दिली की घाईत तो शिवूनच टाकतो, कितीही समजावलंत तरी.

बांधण्याची पद्धत अशी. गोणी उभी ठेवून हलवा, म्हणजे धान्य बसेल. लायनरची दोन्ही टोकं धरून खालून वर हवा दाबत या. मग रिकामा भाग एकाच दिशेनं पिळा, दोराइतका कडक होईपर्यंत. सैल पिळातल्या चुण्यांमधून हवा सरळ आत जाते. पिळलेला दोर मधोमध दुमडा आणि दुमडलेल्या जागी रबराची पट्टी किंवा नायलॉनचा टाय घट्ट आवळा. टायचं कापलेलं टोक टोकदार राहतं, ते वर आणि बाहेर वळवा, नाहीतर लायनरला तेच भोक पाडतं. सुतळी वापरू नका, ती सैल पडते.

जम्बो बॅगेला गरम सीलिंग करणार असाल तर धूळ हा मोठा प्रश्न. तांदळाच्या कोंड्याची बारीक पूड तोंडाच्या आतल्या बाजूला चिकटते आणि सील वरून छान दिसूनही धरत नाही. सील करायच्या पट्ट्यावर आतून कोरडं फडकं फिरवा, तोंड सपाट ताणा, एकही चुणी राहू देऊ नका. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी लायनरच्या तुकड्यावर सील मारून दोन्ही हातांनी ओढा. प्लास्टिक ताणलं जाऊन लांब झालं तर तापमान बरोबर. जोड सोलून निघाला तर तापमान वाढवा. फिल्म वितळून फाटली तर कमी करा.

मग तपासणी. नळी आत सोडून साध्या व्हॅक्यूम क्लीनरनं लायनरमधली हवा ओढा आणि नळी काढताच बांधा. लायनर दाण्यांना चिकटून विटेसारखं घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तसंच असलं तर पॅकिंग खरं, ढिलं पडलं असलं तर गळती आहे. ऑक्सिजन मीटर घेऊन मोजणाऱ्यांना एक सांगतो: कोरड्या, कीड नसलेल्या धान्यात ऑक्सिजन फार हळू उतरतो. वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ बाहेरच्या हवेइतका, आकडा दिसला म्हणजे पिशवी गळतेय असं नाही. त्या आकड्यावरून घाबरून चांगल्या पिशव्या फोडू नका.

भोकं पाडणारी माणसं

सगळं नीट केल्यावर दोन ठिकाणी नासाडी होते. पहिलं म्हणजे हमालांचा लोखंडी हुक. टोळीच्या मुकादमाशी आदल्या दिवशी बोला, हुक न वापरता उचलायला वेळ जास्त लागेल हे मान्य करा आणि त्याप्रमाणे मजुरी ठरवा. माथाडी कामगार कामात तरबेज असतात, त्यांना आतल्या लायनरचं कारण सांगितलं तर ते जपतात. न सांगता शेवटी ओरडून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे नमुना काढणारी टोकदार नळी. सर्व्हेअर, म्हणजे माल तपासणारा माणूस, आला की गोणीत नळी खुपसतो, त्याचं ते कामच आहे. म्हणून त्याला भरण्याच्या वेळी बोलवा, नमुना तोंड बांधण्याआधी घेऊ द्या, आणि हे खरेदीदाराशी सौद्याच्या वेळीच लिहून ठरवा. तरी एखाद्या गोणीत नळी गेलीच तर त्या गोणीवर खूण करा, आतलं लायनर चिकटपट्टीनं लगेच बंद करा आणि ती गोणी दाराजवळ शेवटी रचा.

कंटेनर आल्यावर आत उभं राहून दारं लावून घ्या. कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर परत पाठवा. जमिनीवरचे वर आलेले खिळे ठोका, वर जाड पुठ्ठा अंथरा. लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय, शिक्का हवा.

मालासोबत चिकटपट्टीचे दोन रोल आणि थोडे जादा टाय पाठवा. खरेदीदाराला लेखी कळवा की तपासायला उघडलेली गोणी त्याच दिवशी पुन्हा पिळून, दुमडून बांधायची, नाहीतर ती आधी विकायची.