जलपर्णी रोहूच्या पचनी कशी पाडली

तयार खाद्याचा खर्च वाचावा म्हणून मी जलपर्णीची पानं वाळवून पेंडीत मिसळत होतो. रोहू तोंड लावायचे आणि सोडून द्यायचे. पाण्यात सोडलेला खाद्याचा ट्रे वर काढला की तळाशी हिरवा, दोरेदार चोथा तसाच उरलेला. कारण उघड आहे: या पानांत तंतू फार, आणि माशाला ते पचत नाहीत.

उपाय सापडला मुरवणीत, म्हणजे पानं हवाबंद ठेवून आंबवण्यात. ताज्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून आधी ती उन्हात सुकवायची. हातात चुरगळली तर बोटं ओली होऊ नयेत, पण पान कुरकुरीतही नको. मुळं टाकून द्यायची. बारीक कापून १०० किलोला साधारण ५ किलो गूळ थोड्या पाण्यात विरघळवून चोळायचा आणि ड्रममध्ये पायाने दाबून दाबून भरायचं. हवा राहिली की बुरशी आलीच. तोंड घट्ट बंद करून तीनेक आठवडे हात लावायचा नाही.

चांगल्या मुरवणीला लोणच्यासारखा आंबूस वास येतो, रंग पिवळसर तपकिरी होतो. कुजका वास आला किंवा बुरशी दिसली तर ती माशांना देऊच नका.

चांगली मुरवण मी वाळवून, दळून पेंड आणि कोंड्यात मिसळतो. एकूण खाद्याच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नाही, कारण प्रथिनं पेंडीतूनच मिळतात. गोळ्या पाण्यात विरघळू नयेत म्हणून थोडा मैदा घालून वाफवतो. आता ट्रे रिकामा येतो.

सांडपाण्याच्या नाल्यातली जलपर्णी मात्र अजिबात घेऊ नका, ती शिसं, कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते.