ईस्टर: शुक्रवारी शांत राहावे, रविवारी भेटीला जावे

बेळगावच्या कॅम्पात, खानापुरात किंवा निपाणीत ज्यांच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब राहते, त्यांना नाताळ चांगला परिचयाचा असतो. परंतु ख्रिस्ती श्रद्धेत नाताळाहून मोठा मानला जाणारा ईस्टर मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, आणि दरवर्षी गुड फ्रायडेच्या सकाळी आमच्या घरच्या फोनवर ‘हार्दिक शुभेच्छा’ येऊ लागतात. पाठवणाऱ्यांचे मन स्वच्छ असते, यात शंका नाही. पण तो दिवस येशूच्या क्रुसावरील मरणाच्या स्मरणाचा आहे, आणि दुःखाच्या घरी आपण पेढे घेऊन जात नाही. इंग्रजी नावातील ‘गुड’ हा शब्द ‘पवित्र’ या जुन्या अर्थाने आलेला आहे. शुभेच्छांचा दिवस त्यानंतरचा रविवार, कारण मरणानंतर तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा उठला, या विश्वासावर सारा ख्रिस्ती धर्म उभा आहे. हा सण नीट समजून घेऊन शेजाऱ्याच्या आनंदात सहभागी कसे व्हावे, हे पुढे सांगितले आहे.

तारीख कशी काढावी

भिंतीवरचे मराठी कॅलेंडर यासाठी पुरेसे आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा शोधावी; तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि पौर्णिमा रविवारीच आली तर त्याच्या पुढचा रविवार धरावा. ही पौर्णिमा कधी फाल्गुनाची असते, कधी चैत्राची. 2026 साली हनुमान जयंती गुरुवारी, 2 एप्रिलला, म्हणून ईस्टर 5 एप्रिलला. 2027 साली फाल्गुन पौर्णिमा 22 मार्चला, म्हणून ईस्टर 28 मार्चला. याच नियमामुळे हा सण 22 मार्च ते 25 एप्रिल या मर्यादेतच येतो. चर्च मात्र आकाशातील चंद्रावरून नव्हे, तर ठरलेल्या कोष्टकावरून पौर्णिमा धरते. त्यामुळे क्वचित फरक पडू शकतो आणि शेवटी चर्चच्या फलकावरील तारीखच ग्राह्य मानावी.

चंद्राचा हा संबंध यहुदी लोकांच्या वल्हांडण सणातून आला आहे. मिसर देशाच्या दास्यातून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून तो निसान महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास पाळला जातो, आणि येशूचा वधस्तंभावरील मृत्यू त्याच दिवसांत झाला, असे शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधील येशूची चरित्रे, सांगतात. यहुदी महिने चांद्र आहेत. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यांतही आपल्या अधिक मासासारखा महिना 19 वर्षांत 7 वेळा वाढवला जातो. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधील ख्रिस्ती लोक 14 निसानलाच, वार कोणताही असो, हा सण पाळत, तर रोमचे लोक रविवार धरीत. तो वाद बराच चालला, आणि 325 साली नायसियाच्या परिषदेत सर्वांनी एकाच रविवारी सण पाळावा, असे ठरले. पुढे 1582 मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका आली, पण पूर्वेकडील बहुतेक चर्चेस ईस्टरसाठी जुन्या दिनदर्शिकेचाच हिशेब धरत राहिल्या. म्हणून त्यांचा ईस्टर पुष्कळदा वेगळ्या दिवशी येतो. 2025 साली दोन्ही हिशेबांनी 20 एप्रिल हीच तारीख आली होती.

ईस्टर हा मुळात एका वसंतदेवतेचा सण होता, असे विधान वारंवार कानी पडते. त्याचा आधार फार बारीक आहे. बीड नावाच्या इंग्रज संन्याशाने 725 च्या सुमारास लिहिले की, इंग्रजांच्या एका महिन्याचे नाव ‘ईओस्त्रे’ या देवीवरून पडले होते. या देवीविषयी त्याच्याखेरीज दुसरा जुना साक्षीदार नाही. त्यावरून फार तर इंग्रजी नावाचा उगम कळतो, सणाचा नव्हे, कारण इंग्रजांपर्यंत हा धर्म पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून भूमध्य समुद्राच्या काठी हा सण पाळला जात होता. अनेक युरोपीय भाषांत त्याचे नाव वल्हांडणाच्या ‘पेसाह’ या हिब्रू नावावरूनच आले आहे, आणि आपल्याकडील कोकणी भाषक कॅथलिकही त्याला ‘पास्क’ म्हणतात.

कोणत्या दिवशी काय असते

आपल्या भागात दोन ख्रिस्ती परंपरा शेजारी शेजारी नांदतात. 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात सुरू झाले, त्यातून आणि पुढे मेथडिस्ट कार्यातून प्रोटेस्टंट मंडळ्या वाढल्या. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 मध्ये स्थापन झाला, आणि गोव्याशी असलेले त्याचे जुने नाते कोकणी बोलीत व जेवणात अजून दिसते. एका शेजाऱ्याकडे पाहिलेली रीत दुसऱ्याकडे दिसली नाही, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

ईस्टरच्या 46 दिवस आधी, राखेच्या बुधवारी, उपवासकाळ सुरू होतो. मधले रविवार वगळता तो 40 दिवसांचा भरतो. या काळात अनेक जण मांसाहार सोडतात, म्हणून शेजारी मटणाच्या जेवणाला नको म्हणाला तर आग्रह करू नये. ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, हातात झावळ्या घेऊन मिरवणूक निघते. गुरुवारी शेवटच्या भोजनाचे स्मरण होते आणि कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, होत नाही. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये दुपारी बारा ते तीन या वेळेत येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर मनन चालते.

पाहुण्याने एकच उपासना निवडायची असेल, तर मी शनिवारची रात्र सुचवेन. फातिमा कॅथेड्रलसारख्या कॅथलिक चर्चमध्ये त्या रात्री अंधारात नवा अग्नी पेटवला जातो, त्यावर चालू वर्षाचे आकडे कोरलेली मोठी मेणबत्ती लावली जाते, आणि तिच्यावरून एकाची दुसऱ्याला अशी ज्योत देत देत सारे चर्च उजळते. उपवासकाळभर न गायिलेला ‘आलेलुया’ हा देवाच्या स्तुतीचा घोष त्यानंतर पुन्हा ऐकू येतो. जाण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारून मराठी, कन्नड, कोकणी की इंग्रजी उपासना आहे, हे जाणून घ्यावे. साधे कपडे घालावेत, दारात चपला काढलेल्या दिसल्या तर आपणही काढाव्यात. इतर उभे राहतील तेव्हा उभे राहावे, मात्र प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून दिल्या जाणाऱ्या भाकरीच्या, रांगेत जाऊ नये, कारण ते त्या श्रद्धेची दीक्षा घेतलेल्यांसाठी असते. काही मंडळ्या रविवारी पहाटे उपासना करतात, कारण शुभवर्तमानांनुसार त्या दिवशी काही स्त्रिया उजाडताना येशूच्या कबरीकडे गेल्या आणि ती त्यांना रिकामी आढळली.

अंडी रंगवणे

उपवासकाळात युरोपात अंडी वर्ज्य असत, पण कोंबड्या अंडी घालायच्या थांबत नसत. साठलेली अंडी सणाला उकडून, रंगवून वाटली जात. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या 1290 सालच्या हिशेबात 450 अंड्यांवर 18 पेन्स खर्च झाल्याची नोंद आहे. बंद कवच ही कबरीची आणि त्यातून बाहेर येणारा जीव ही येशूच्या पुन्हा उठण्याची खूण मानली गेली.

रंगासाठी बाजारात जाण्याची गरज नाही. कांद्याच्या कोरड्या साली दोन ओंजळी घेऊन लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळाव्यात, पाणी गाळून निववावे आणि त्यात दोन चमचे व्हिनेगर घालावे. पांढऱ्या कवचाची अंडी त्यात बुडवून दहा-बारा मिनिटे मंद आचेवर उकडली की गडद तांबूस रंग चढतो. कोथिंबिरीचे पान कवचावर चिकटवून, वर जुन्या मलमलीची घट्ट पुरचुंडी बांधून उकडले, तर पानाची नक्षी उमटते. माझी आजी असेच करीत असे, आणि त्या पानाचा देठ कसा उठला हे पाहण्यासाठी आम्ही मुले चुलीपाशी थांबत असू. पिवळ्या रंगासाठी हळद वापरावी. एप्रिलच्या उकाड्यात उकडलेली अंडी दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नयेत.

शेजाऱ्याकडे जाताना कुंदा ही आपल्याकडची दुधाची मिठाई न्यावी, बेळगावकराला त्याहून चांगली भेट सांगायला नको. ‘प्रभू उठला आहे’ असे कोणी म्हणाले, तर ‘खरोखर उठला आहे’ हे त्याचे उत्तर असते. आपली श्रद्धा वेगळी असेल, तर ‘ईस्टरच्या शुभेच्छा’ एवढेच म्हणावे. रविवारी जाणे जमले नाही तरी संकोच बाळगू नये, कारण ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या स्मरणाच्या सणापर्यंत, 50 दिवस चालतो.