मुरमाड जमीन, ४५ अंश ऊन आणि रोही: नागपुरात रंगीत झाडांच्या जोड्या कशा लावाव्यात

गोरेवाड्याकडे किंवा हिंगण्याकडे जंगलाला लागून प्लॉट असेल, तर तिथे गुलाब-जास्वंद लावणं म्हणजे रोही (नीलगायी) आणि चितळांना जेवणाचं आवतण. त्यांना नकोशी झाडं निवडा. जोडी मात्र रंगावरून जमवू नका, पाण्यावरून जमवा; एकाला रोज पाणी आणि दुसऱ्याला आठवड्यातून एकदा लागत असेल तर दोघांतलं एक मरतंच.

खड्डे मे महिन्यातच सब्बलीने खणून ठेवा, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. त्यात दोन बादल्या पाणी ओता. सकाळपर्यंत जिरलं नाही तर तळ आणखी फोडा. भरताना साधारण चार घमेली चाळलेला मुरूम, दोन घमेली माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल तर उधई (वाळवी) आलीच. नुसती काळी माती कधीच भरू नका. काळ्या दगडातला खड्डा म्हणजे हौद. जुलैत त्यात पाणी साचून मुळं कुजतात आणि उन्हाळ्यात भेगा पडून तुटतात.

लागवड जूनअखेर, दोन दमदार पाऊस झाल्यावर. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर रोप हातातही घेऊ नका.

कुंपणालगत गुलाबी कण्हेर, पाच-पाच फुटांवर, आणि तिच्या पायाशी गवती चहा. एक विषारी, दुसरा उग्र वासाचा. जांभळ्या बोगनवेलीजवळ पिवळा-लाल गॅलार्डिया खुलतो. बोगनवेलीचे कोवळे शेंडे मात्र बिनकाट्याचे असतात आणि जनावरं ते खुडतात, म्हणून पहिलं वर्षभर जाळी हवीच. तिला पाणी जास्त झालं की नुसती पानं येतात. घाणेरी रंगीत असली तरी जंगलाशेजारी नकोच. पाखरं तिचं बी आत नेतात.

सगळ्यात देखणी जोडी लाल अडेनियम आणि पांढऱ्या सदाफुलीची. दोन्ही कण्हेरीच्याच कुळातल्या, म्हणून तोंड लावलं तरी जनावर सहसा पुढे खात नाही. अडेनियम आठ इंच उंच मुरमाच्या ढिगावर बसवा, गड्डा (खोडाचा फुगीर बुंधा) वर उघडा ठेवा. पावसाळ्यात दर आठवड्याला गड्डा अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागला तर कूज आहे: झाड उपटा, पांढरा टणक गर लागेपर्यंत स्वच्छ सुरीने कापा, चार-पाच दिवस सावलीत वाळवून पुन्हा लावा. थंडीत पानं गळतात, ते मरण नव्हे. पाणी तेवढं कमी करा.

युरिया टाळा. त्याने फुटलेली लुसलुशीत पालवी एप्रिलमधलं भुकेलं रोही कडू असली तरी चाखतं.

कण्हेरीची छाटणी हातमोजे घालून करा. फांद्या जाळू नका, धूरही विषारी असतो. बकऱ्या फिरतात तिथे टाकूही नका. वाळल्या तरी त्यांचं विष जात नाही.